सोमवारचा तास

"नख नको लावू, भामे. बोटाचं पोट लाव, अन् डोळे मीट." — रबरी सील बोटावर फिरत होतं, काळं, बांगडीहून लहान आणि अंगठीहून मोठं, भट्टीची ऊब अजून पुरती न सोडलेलं, आणि सत्यभामाला गोजरबाईंचा आवाज ऐकू येत होता, जसा रोज सकाळी पहिल्या ट्रेला येतो... गोजरबाई निवृत्त होऊन लासूर स्टेशनला लेकाकडे राहायला गेल्या, त्यालाही आता वर्षं झाली, पण आवाज इथंच राहिला होता, या टेबलाच्या उजव्या अंगाला, भिंगाच्या दिव्याखाली. डोळे मिटले की कड कळते. साच्याचे दोन भाग जिथं मिटतात तिथं रबराची एखादी रेघ उरते, कुसळासारखी, डोळ्याला दिसत नाही आणि बोटाला मात्र टोचते. टोचली की सील लाल पेटीत, नाही टोचली की पुढं.

टोचली. लाल पेटीत.

आज सोमवार होता, म्हणजे सत्यभामा बोलत नव्हती. सोमवारी उठल्यापासून दुपारच्या जेवणाच्या भोंग्यापर्यंत मौन, आणि पोटात पाण्याशिवाय काही नाही. लेक सोनिया लहान असताना तापानं फणफणली होती, डॉक्टर नुसतेच एकमेकांकडे बघत होते, तेव्हा वेरूळला घृष्णेश्वराच्या पायरीवर बसून मनातल्या मनात बोललेलं हे व्रत. सोनिया बरी झाली, शिकली, लग्न होऊन नाशिकला गेली, व्रत राहिलं. सत्यभामा तपासणी विभागाची प्रमुख, काम सगळं बोलण्याचं, पण सोमवारची सकाळ साऱ्या शेडनं सांभाळून घेतली होती. साच्यात रबर दाबणाऱ्या प्रेसवरचा कडुबा लांबूनच हात वर करून विचारायचा आणि ती मान हलवून सांगायची. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. व्रत मिरवायचं नसतं, सांगत फिरायचं नसतं. ज्यांना कळायचं त्यांना ते आपोआप कळलं होतं.

दहा वाजून गेले तरी विशाखा आली नव्हती.

विशाखा दुसऱ्या शेडमधली. डिप्लोमा करून दिवाळीनंतर लागलेली, बजाजनगरला आई आणि भावाबरोबर राहणारी. कंपनीनं यंदा 'सोबती' नावाची योजना काढली होती. नव्या माणसाला एक जुना माणूस जोडून द्यायचा, आठवड्यातून एक तास दोघांनी बरोबर बसायचं, त्या तासात साहेबगिरी नाही, परीक्षा नाही. वरच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला, गुलाबाचं एकेक फूल देऊन जोड्या लावल्या, टाळ्या झाल्या, आणि मनुष्यबळ विभागातल्या अभयनं सगळ्यांचे तास ठरवून दिले. सत्यभामाचा आणि विशाखाचा सोमवारी सकाळी दहाचा. अभय नवा, त्याला कुठून ठाऊक असणार. सत्यभामाला सांगता आलं असतं... त्याच दुपारी सांगता आलं असतं, की बाबा रे, सोमवार सोडून दुसरा कुठलाही वार दे. ती बोलली नाही. आपल्यामुळं कुणाला ठरलेलं बदलायला लावणं तिला कधी जमलेलंच नाही, असं तिनं तेव्हा स्वतःला सांगितलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

आणि तास तर किती छान चालले होते. दिव्याखाली दोन डोकी, खाली काळ्या सीलांचा ढीग. ती एक उचलायची, फिरवायची, नेमक्या जागी थांबायची, मग ट्रेमध्ये ठेवून ट्रे विशाखाकडे सरकवायची. पोरगी ते उचलायची, फिरवायची. पहिले कितीतरी सोमवार तिच्या बोटाला काही लागतच नव्हतं, बोट सरळ पुढं निघून जायचं. मग एकदा ते बोट आपणहून थांबलं, मागं गेलं, पुन्हा थांबलं, आणि तिनं सत्यभामाकडे न बघता सील लाल पेटीत टाकलं. सत्यभामाच्या अंगावर काटा आला होता. देवळात ओळखपाळख नसलेलं कुणी शेजारी येऊन बसावं आणि दोघांनी एकाच पिंडीकडे बघत राहावं, तसं वाटायचं तिला त्या तासात. आठवड्यातला तो एक तास ती मनातून जपत आली होती. हे ती कुणाला सांगणार नव्हती, मौन नसतं तरी.

विशाखाच्या जागी अभय आला.

"काकू..." तो म्हणाला, आणि स्टूल ओढून विशाखा बसते तिथंच बसला. "तुमचं आज मौन असतं म्हणे. आत्ता येताना कडुबानं सांगितलं. मला खरंच माहीत नव्हतं." ती हसली. तो हसला नाही. "विशाखा येणार नाही आज. तिनं सोबती बदलून मागितलाय."

सत्यभामाच्या बोटावर सील होतं. ते फिरायचं थांबलं.

"मी कारण विचारलं," अभय ट्रेकडे बघत म्हणाला. "म्हणाली, काकूंना माझ्याशी बोलायचं नसतं. कँटीनमध्ये सगळ्यांशी हसून बोलतात, माझ्याशी तासभर एक शब्द नाही. मी म्हटलं, अगं, एकेकाचा स्वभाव असतो. तर म्हणाली, सर, तुम्हाला नाही कळणार ते." त्यानं ट्रेवरची नजर उचलली. "आता तिला जाऊन सांगतो, की काकूंचं व्रत असतं. साधी गोष्ट आहे. सांगू ना?"

तिनं हात वर केला. नको. असं का केलं ते तिचं तिला कळलं नाही. हात वर गेला खरा.

अभयनं मान हलवली. "बरं. तुम्हीच बोला मग. पण शुक्रवारच्या आत बोला, काकू. शुक्रवारी मॅनेजर शिवराज सरांसमोर योजना चालू ठेवायची की नाही, हा विषय आहे. त्यांचं म्हणणं तुम्हाला ठाऊक आहे, शिकवायला ट्रेनिंग सेंटर असताना पगारी वेळेत गप्पा कशाला मारायच्या. आता मी त्यांना काय सांगणार? गेल्या वर्षी आपण पोरं तयार केली आणि निम्मी शेंद्र्याच्या कारखान्यांत गेली, पुण्याला गेली. यंदा ज्यांना सोबती मिळाला त्यातलं एकही अजून गेलेलं नाही. माझ्याकडे सांगायला एवढंच आहे, पण हे खूप आहे. माणूस मशीनसाठी थांबत नाही, माणसासाठी थांबतो." आपलंच वाक्य आपल्याला जरा मोठं झाल्यासारखं वाटून तो ओशाळला. "आणि विशाखाला शेंद्र्याहून बोलावणं आलंय, असं कानावर आहे. हात चांगला बसलाय तिचा. तुमच्याकडेच बसला ना... ती गेली तर मग अवघडच आहे."

तो उठून गेला. स्टूल तसंच ओढलेलं राहिलं.

तुम्हाला नाही कळणार ते. — काय नाही कळणार? सत्यभामानं नवा ट्रे ओढला. बोलत नाही म्हणून राग आला, एवढंच असेल. लहान आहे. सोनियासुद्धा अशीच रुसायची, आई सोमवारी गप्प असली की मुद्दाम भांडी आपटायची... पण सोनियाला माहीत होतं. सोनियासाठीच तर ते होतं. हिला... बोटाला काही लागलं नाही, तिनं सील पुढं टाकलं, दुसरं घेतलं. तुम्हाला नाही कळणार, असं अभयला का म्हणाली? अभयला न कळणारं आणि विशाखाला कळणारं असं काय आहे, की जे माझ्या गप्प बसण्यात आहे, आणि मलाच माहीत नाही?

आणि मग ते पेढे आठवले.

कधीतरी संक्रांतीनंतर विशाखा वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेले पेढे घेऊन आली होती. त्या दिवशी तिनं केस वेगळे विंचरले होते, एवढं सत्यभामाच्या लक्षात आलं होतं. तिनं कागद उलगडून पुढं धरला, काहीतरी म्हणाली, प्रेस चालू होती, ऐकू आलं नाही. आणि सत्यभामानं हसून, मान हलवून, दोन्ही हात जोडले होते. उपास होता. हात जोडले म्हणजे काय, कुणालाही कळेल. घरात कळतं, शेजारी कळतं, पुंडलिकनगरच्या अख्ख्या गल्लीत कळतं. विशाखानं कागद परत मिटला होता, घडीवर घडी घालत, सावकाश, आणि पिशवीत ठेवला होता. त्यानंतर तिनं कधी काही आणलं नाही. सत्यभामाला ते तेव्हा जाणवलंसुद्धा नव्हतं... पोरगी समजूतदार आहे, उपास लक्षात ठेवते, असंच वाटलं होतं तिला.

पेढे घेतले नाहीत. बोलली नाही. आणि ट्रे.

हातातलं सील तिनं ट्रेत ठेवलं आणि ते ठेवणारा आपलाच हात बघत राहिली. सील हातातून हातात द्यायचं नाही, ट्रेत ठेवायचं, ट्रे सरकवायचा. या टेबलाची ही जुनी रीत. खाली पडलं तर धूळ लागते, मग धूळ कुठली आणि दोष कुठला ते कळत नाही, म्हणून गोजरबाईंनीच ती लावलेली. दुसऱ्या शेडला ती नाही, तिथं हातोहात चालतं. पोरीला काय दिसलं असेल? दर सोमवारी ही बाई माझ्या हातात वस्तू देत नाही, खाली ठेवते आणि मी उचलायची. माझं खात नाही. माझ्याशी बोलत नाही. बाकी सगळ्यांशी बोलते... विशाखाच्या मोबाइलच्या पाठीवर बुद्धाचं छोटं चित्र आहे, ते पहिल्याच दिवशी सत्यभामाला दिसलं होतं, आणि दिसल्यावर तिला काय आठवलं होतं? गोजरबाई. त्यांच्या घरी भिंतीवर होतं तसलंच. आपुलकीच वाटली होती. पण ती वाटली मनात. आणि मन तर सोमवारी बंद पेटीत.

मी? — मी, जिनं गोजरबाईंच्या डब्यातली भाकरी अर्धं आयुष्य खाल्ली? सासूबाईंनी त्यावरून टोमणे मारले तरी खाल्ली? — तिला एकदम राग आला, पोरीचाच आला, की एवढं घाणेरडं हिच्या मनात आलंच कसं. आणि तो राग आल्या पावली विरघळून गेला, कारण ते मनात यायला पोरीला काही फार लांब जावं लागलं नसणार, हे तिला ठाऊक होतं. कुठूनतरी येताना ती ते बरोबरच घेऊन आली असणार. शाळेतून, भाड्याची खोली बघायला गेलेल्या एखाद्या दारातून. आणि सत्यभामानं त्यावर प्रत्येक सोमवारी, अगदी शांतपणे, देवाचं नाव घेत...

भोंगा झाला. प्रेस एकेक करून थांबल्या. ती नळाशी गेली, हात धुतले, ओंजळीत पाणी घेतलं. मौन सुटतं तेव्हा पहिला शब्द देवाचा. ॐ नमः शिवाय, ती म्हणाली, आणि पाणी प्यायली. आता बोलता येत होतं. कडुबा शेजारी हात धुत होता, त्यानं नेहमीसारखं विचारलं, "सुटलं का, बाई?" आणि तिच्या तोंडून शब्दच फुटेना. घसा मोकळा होता, जीभ जागच्या जागी होती, व्रत संपलं होतं. तरी सकाळी हात वर गेला होता, तसंच काहीतरी आतून वर आलं होतं आणि वाट अडवून बसलं होतं.

"कडुबा," ती शेवटी म्हणाली, "दोन नंबर शेडची ती मुलगी सोमवारी येते ना... तिला माझ्या मौनाचं कुणी सांगितलं होतं का रे?"

"म्हंजी? तुमीच सांगितलं असंल ना." कडुबानं हात झटकले. "आमी काय सांगावं बायकांच्या उपासतापासाचं? मला वाटायचं, लई गुणाची पोरगी हाय, बाईचं मौन हाय तर हीबी गपगुमान बसती. आमच्या घरात एक तरी अशी बसावी."

कँटीनमध्ये न जाता ती शेडच्या मागं लिंबाखाली गेली आणि गोजरबाईंना फोन लावला.

"बोल, भामे. सुटला का तुझा सोमवार?" गोजरबाईंचा आवाज अजून तसाच होता, मशीन चालू असताना बोलायची सवय लागलेला. "आज कसं काय माझं ध्यान झालं बाई? जेवली का?"

"नाही अजून. गोजरबाई, एक विचारायचं होतं." आणि तिनं सांगितलं सगळं, अभयचं, ट्रेचं, पेढ्यांचं. सांगताना ते फार लहान वाटायला लागलं. दोन मिनिटांत संपलंसुद्धा.

गोजरबाई म्हणाल्या, "अन् मी काय म्हणावं म्हणतीस? की तू तशी नाय म्हणून?"

"तुम्हाला तर माहीत आहे."

"मला म्हाईत हाय. मी तुझ्यासंगं किती वरसं घालवली. तू माझी भाकर खाल्ली, मी तुझं ते पांचट वरण खाल्लं. तिला काय सपान पडलं व्हय? आमच्या पोरीला कुणी गप बसून ट्रे सरकवला तर तिनं काय समजावं, तूच सांग."

"व्रत सांगायचं नसतं, गोजरबाई. सांगितलं की उणं होतं."

"होऊ दे उणं. परत कर. तुझा देव काय दुकान बंद करून चाललाय का?" त्या हसल्या, मग हसू आवरून म्हणाल्या, "एक सांगू का? राग धरू नको. तुला बोलायचा लई कंटाळा. मी इथं बडबड बडबड करायची अन् तू हूं हूं. तवापासून बघते मी. सोमवार तुला बरा सापडलाय."

सत्यभामा लिंबाच्या खोडाची साल नखानं सोलत राहिली.

"पेढे कशाचे होते गं?"

"काय?"

"पोरीनं पेढे आणले म्हणतीस. काय झालं होतं? नोकरी लागली कुणाला, लेकरू झालं, काय झालं?"

"माहीत नाही," सत्यभामा म्हणाली.

"अन् एवढे महिने बसली तिच्यासंगं." गोजरबाईंच्या आवाजात आता टोमणा नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. "आजच बोल. उद्यावर नेलंस तर मंगळ, बुध करत फिरून सोमवार येईल, अन् सोमवारी तू पुन्यांदा मुकी. शब्द दे मला."

"देते."

"असा नाय. नीट दे."

"आज सांजच्याला बोलते, गोजरबाई. शब्द."

दुपारभर बोटं काम करत राहिली. त्यांना तिची गरज नव्हती. ती मनात वाक्यं जुळवत होती... मी सोमवारी मौन धरते. माझं फार जुनं व्रत आहे. माझ्या मुलीसाठी घेतलेलं. माझी जी गुरू होती ना, ती तुमच्यातलीच... हे वाक्य आलं तसं तिनं पुसून टाकलं, त्यातलं 'तुमच्यातली' तिच्या जिभेला इतकं सहज कसं सापडलं याची तिला भीती वाटली. मग दुसरं. पण प्रत्येक वाक्य मीपासून सुरू होत होतं आणि माझ्यावर येऊन थांबत होतं. माझं व्रत, माझा सोमवार, मी खाल्लेली भाकरी. ऐकून विशाखा काय म्हणेल? बरं काकू, म्हणेल. मान खाली घालून म्हणेल, आणि मग मला बरं वाटेल, मी घरी जाऊन दिवा लावीन. तिचं काय?

आणि गोजरबाईंचं ते. बरा सापडलाय. — खोटं आहे, असं आधी वाटलं. पहाटे उठून, थंडीत, तापात, सोनियाच्या लग्नाच्या घाईतसुद्धा पाळलेलं आहे मी. खोटं कसं म्हणू? पण अभयनं सोमवारचा तास दिला तेव्हा आपण घरी जाताना हलकं झालो होतो... आता शिकवायचं म्हणजे काय काय बोलावं लागेल, पोरगी काय विचारेल, आपल्याला येईल का, गोजरबाईंसारखं हसवत हसवत सांगता येईल का, या सगळ्यातून सुटका झाल्यासारखं झालं होतं. ते तिला आता आठवलं, बसची खिडकी, बाहेरची गुलमोहराची झाडं, आणि आतलं ते हलकेपण. देवाला दिलेलं होतं ते सकाळचं न बोलणं. विशाखासमोरचं न बोलणं कुणाला दिलं होतं? इतकी वर्षं ज्याला ती शांती म्हणत आली, त्यात थोडी भीती मिसळलेली असावी, आणि किती, ते तिला सांगता येईना. देवानं ते घेतलं असेल का? घेतलं असेल, तो काय, सगळंच घेतो. पण पोरीला ते नुसतं सोसावं लागलं.

सुटी झाली. पुंडलिकनगरची बस गेटाशी लागली होती. बन्सी ड्रायव्हरनं दारातून डोकं काढलं. "चला बाई, खिडकी ठेवली तुमची."

"तुम्ही निघा, बन्सीभाऊ. मी रिक्षानं येईन."

"काम निघालं का?"

"हो," ती म्हणाली.

बस वळली, धूळ उडाली, खाली बसली. सत्यभामा रस्ता ओलांडून दुसऱ्या शेडच्या गेटाकडे निघाली. जुळवलेल्या वाक्यांपैकी आता एकही जवळ नव्हतं, आणि नवल म्हणजे त्याची तिला फारशी चिंता वाटत नव्हती. पहिलं बोलणं आपलं असायलाच हवं असं कुठं आहे. आज ऐकायचं होतं. जे येईल ते, शेंद्र्याला जायचं ठरलंय, हेसुद्धा. ती जाईल, शुक्रवारी शिवराज सर योजना बंद करतील, किंवा करणार नाहीत... त्यातलं काहीच तिच्या हातात नव्हतं.

गेटातून मुली बाहेर पडत होत्या. उन्हासाठी, धुळीसाठी सगळ्यांनी स्कार्फ बांधलेले, नुसते डोळे उघडे, कुणी गाडीवर, कुणी घोळक्यानं चालत बजाजनगरकडे. सत्यभामा बाजूला उभी राहून एकेक बघू लागली आणि तिच्या लक्षात आलं की तिला विशाखा ओळखता येत नाही. तिला तिचा भांग माहीत होता, दिव्याखाली वाकलेली मान माहीत होती, बोटं तर कुठंही ओळखली असती. पण ती चालते कशी, मैत्रिणीशी बोलताना हात कसे उडवते, हे तिनं कधी बघितलंच नव्हतं. घोळके तिच्यासमोरून पुढं जात होते. एकीनं वळूनही बघितलं, किंवा तिला तसं वाटलं.

हाक मारावी लागणार होती. आणि हाक मारायची तर नाव घ्यावं लागणार होतं, जे एवढ्या सोमवारांत तिनं मोठ्यानं एकदाही घेतलं नव्हतं. तिनं पदर खांद्यावर नीट केला आणि पुढं निघालेल्या मुलींच्या मागं, जरा पाय उचलत, चालायला लागली.